पूल हळूहळू बसत होता...

मित्रांनो, हॉस्टेलच्या खोलीतली पुस्तकांची फळी कधी नीट पाहिलीत का? फर्स्ट इयरला सरळ असते, फायनलला येईपर्यंत मधोमध झोळ आलेला असतो. पुस्तकांचं वजन तेवढंच, फळीही तीच! आपल्या अलिबाग-मुरुडकडच्या जुन्या कौलारू घरांची आढीसुद्धा अशीच वर्षानुवर्षं वाकत जातात. लाकडाचा हा स्वभाव आपल्या सुतारांना चांगला ठाऊक असतो. पण काँक्रीटही असंच वागतं, हे एका इंजिनिअरला स्वतःचाच पूल खाली बसताना पाहून शिकावं लागलं. ते म्हणजे यूजीन फ्रेसिने.

फ्रेसिने यांचा जन्म 13 जुलै 1879 रोजी फ्रान्समधल्या ओब्जा या लहानशा गावी झाला. पॅरिसच्या नामांकित एकोल पोलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत ते पहिल्या वेळी चक्क नापास झाले! (केटीवाल्यांनी धीर धरावा.) दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. पुढे पूल आणि रस्त्यांचं शिक्षण घेऊन 1905 साली ते मूलां या गावी सरकारी इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

तिथे आलिए नदीवर तीन पूल हवे होते. फ्रेसिने यांनी काँक्रीटच्या अगदी चपट्या कमानी सुचवल्या. त्यांतला ल व्हर्द्र इथला पूल तीन गाळ्यांचा होता आणि मधला गाळा 72.5 मीटरचा. सेंटरिंग सोडवण्यासाठी त्यांनी नवीनच युक्ती काढली. कमानीच्या माथ्यावर, दोन अर्ध्यांच्या मधे जॅक बसवायचे. जॅकने दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर ढकलले की माथा वर उचलला जातो आणि कमान सेंटरिंगवरून आपोआप सुटते. पूल झाला, सगळे खूश!

पण 1911 च्या सुमारास कठडा मधे खाली गेल्यासारखा दिसू लागला. लेव्हल लावून पाहिलं तर माथा बसतोय. काही महिन्यांत तो सुमारे 13 सेंटिमीटर खाली आला. चपट्या कमानीत हे फार वाईट. माथा खाली आला की आडवा दाब वाढतो आणि दाब वाढला की माथा आणखी बसतो. त्या काळच्या सरकारी नियमांप्रमाणे काँक्रीटचा इलास्टिक मॉड्युलस कायम एकच धरायचा. गणित बरोबर होतं, पूल मात्र ऐकत नव्हता.

फ्रेसिने यांनी एका रात्री सायकल काढली आणि थेट ल व्हर्द्र गाठलं. भरवशाच्या चार माणसांना झोपेतून उठवलं आणि गुपचूप जॅक पुन्हा जागेवर बसवले. मुळात जॅकची जागा त्यांनी बुजवलीच नव्हती! लेव्हलमधून दिसेल एवढं उजाडल्यावर तिन्ही कमानी एकदम उचलायला सुरुवात केली. नेमका त्या दिवशी बाजार. गाड्या आल्या की काम थांबवायचं, गेल्या की पुन्हा जॅक फिरवायचा. कमानी पातळीवर आल्यावर माथ्याचे सांधे काँक्रीटने पक्के केले. पुढे 1940 साली युद्धात पाडला जाईपर्यंत तो पूल व्यवस्थित उभा होता.

फ्रेसिने यांच्या डोक्यातून मात्र तो पूल गेला नाही. सतत भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं दबत राहतं, म्हणजेच क्रीप, हे त्यांनी प्लूगास्तेलच्या पुलाच्या वेळी पुन्हा मोजून पाहिलं. मग 2 ऑक्टोबर 1928 रोजी प्रीस्ट्रेसिंगचं पेटंट घेतलं. त्यामागचा हिशोब साधा आहे. साधी सळई 140 न्यूटन प्रति चौ. मिमी ताणली तर मीटरला जेमतेम 0.7 मिमी लांबते. क्रीप आणि श्रिंकेजमुळे काँक्रीटही साधारण तेवढंच आखडतं, म्हणजे सगळा ताण गायब! पण उच्च ताकदीची तार 1000 पर्यंत ताणली तर ती 5 मिमी लांबते. त्यातले 0.7 गेले तरी बहुतेक ताण शिल्लक राहतो. ज्या क्रीपने घाबरवलं, त्यालाच त्यांनी हिशोबात बसवलं.

पुढचा रस्ताही सोपा नव्हता. प्रीस्ट्रेस्ड खांबांचा कारखाना काढला, तो मंदीत बुडाला. साठवलेला पैसा गेला. मग ल हाव्र बंदरावरची खचणारी इमारत त्यांनी याच तंत्राने सावरली आणि जग ऐकू लागलं. 8 जून 1962 रोजी ते वारले.

आता आपल्या स्लॅबकडे वळू. आयएस 456:2000 मध्ये क्रीप कोइफिशियंट दिला आहे. भार 7 दिवसांनी आला तर 2.2, 28 दिवसांनी 1.6, वर्षाने 1.1. एम 20 चा मॉड्युलस सुमारे 22,360. त्याला एक अधिक कोइफिशियंटने भागा. 28 दिवसांना 8,600 येतो, 7 दिवसांना फक्त 7,000! सळया आणि तड्यांमुळे डिफ्लेक्शन अगदी त्याच पटीत वाढत नाही, पण पहिल्या दिवसाचा आकडा शेवटचा नव्हे एवढं नक्की. कोरड्या हवेत क्रीप वाढतो, त्यामुळे आपली दमट किनारपट्टी या बाबतीत तरी नशीबवान. (सळया गंजवून ती वसुली करते ते वेगळं!)

कोड सांगतो की 5 मीटरच्या स्लॅबचं एकूण डिफ्लेक्शन 20 मिमीच्या आत हवं आणि पार्टिशन, फिनिशिंग झाल्यानंतरचं सुमारे 14 मिमीच्या आत. का? कारण भिंत बांधून झाल्यावर स्लॅब बसला की तडा भिंतीला जातो आणि शिव्या गवंड्याला! पावसाळ्यात दार घासलं तर लाकूड फुगलं म्हणा. मे महिन्यातही घासत असेल तर एकदा वर स्लॅबकडे बघा.

तेव्हा मित्रांनो, साइटवर घाईने टेकू काढायला कोणी सांगितलं किंवा सबमिशनच्या आदल्या रात्री क्रीपची पायरी गाळावीशी वाटली, तर ती सायकल आठवा. फ्रेसिने यांच्याकडे माथ्यावर जॅकची जागा राखलेली होती. आपल्या स्लॅबला ती सोय नसते.