जमशेटजी टाटा : धाग्याला ओलावा, माणसाला वारा

जमशेटजी टाटा यांचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ते जमशेदपूरचा पोलाद कारखाना, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईच्या समुद्रकिनारी उभे असलेले ताजमहाल हॉटेल. या भव्य स्वप्नांच्या गर्दीत त्यांच्या कर्तृत्वाचा एक पैलू मात्र झाकोळून गेला आहे. बंद इमारतीच्या आतली हवा नशिबाच्या हवाली न करता तिची व्यवस्था माणसाने करावी, ही जाणीव भारतीय कारखानदारीत रुजविणाऱ्या पहिल्या मंडळींत जमशेटजींची गणना करावी लागेल. त्याचा प्रारंभ झाला नागपुरात.

३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते वडील नसरवानजींकडे मुंबईला आले आणि १८५८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. वडिलांच्या पेढीच्या निमित्ताने त्यांनी हाँगकाँग पाहिले, पुढे इंग्लंडही पाहिले. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. दुसऱ्याच वर्षी चिंचपोकळी येथील दिवाळखोरीत निघालेली तेलाची गिरणी घेऊन तिची त्यांनी कापडगिरणी केली आणि थोड्याच काळात ती नफ्यात विकून टाकली. त्यानंतर लँकेशायरमध्ये जाऊन त्यांनी सूतधंद्याचा बारकाईने अभ्यास केला.

तेथून परतल्यावर सर्वांची अपेक्षा होती, की नवी गिरणी मुंबईतच उभी राहील. परंतु जमशेटजींनी नागपूरची निवड केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी आणि जमीन स्वस्त, असा त्यांचा हिशेब होता. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढण्यात आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली. त्यावरूनच तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

कापूस, कोळसा आणि रेल्वे यांचा हिशेब बरोबर होता; पण नागपूरची हवा सूतकताईला अनुकूल नव्हती. लँकेशायरमध्ये हा धंदा भरभराटीला आला, त्यामागे तेथील दमट हवेचाही वाटा होता. कापसाचा तंतू हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो. प्रमाणित हवामानात त्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी असते. ते कमी झाले की तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर विजेचा भार साचतो, तंतू एकमेकांपासून फिसकटतात आणि धागा वारंवार तुटतो. चैत्र-वैशाखात नागपूरला काय किंवा नगर जिल्ह्यातील काष्टीसारख्या पर्जन्यछायेतील गावात काय, ओले धोतर पाहता पाहता वाळते. मुंबईत आषाढात तेच धोतर दोन दिवस दोरीवर ओलसर राहते. गृहिणीला जाणवणारा हा फरक गिरणीमालकाच्या नफ्यातोट्याचा प्रश्न होता, कारण प्रत्येक तुटलेल्या धाग्यासाठी चाते थांबत होते.

जमशेटजींनी एम्प्रेस मिलमध्ये हवेला ओलावा देणारी यंत्रे बसविली. भारतातील कारखान्यात अशी यंत्रे प्रथम बसली ती येथेच, असे मानले जाते. आगीपासून संरक्षणासाठी छतातून पाण्याचे फवारे सोडणारी योजनाही त्यांनी केली. हवेला ओलावा देण्याचे तत्त्व नागपूरकरांना अपरिचित नव्हते. दारावर वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडले की आत येणारा वारा गार आणि ओलसर होतो, हे विदर्भातील घराघरांत ठाऊक होते. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते, हेच त्यामागचे शास्त्र. घरगुती उपायाला गिरणीच्या मापाचे रूप मिळाले, एवढाच फरक.

मात्र ओलावा हे दुधारी शस्त्र आहे. तो अतिरेकी झाला तर यंत्रे गंजतात, तंतू रुळांना चिकटतात आणि सर्वांत वाईट म्हणजे कामगारांचा जीव गुदमरतो. खुद्द लँकेशायरमध्ये सुतासाठी विणकामाच्या दालनांत वाफ सोडली जाई. त्याने कामगारांची प्रकृती ढासळू लागल्याने ब्रिटिश संसदेला १८८९ मध्ये कायदा करून या आर्द्रतेला मर्यादा घालावी लागली. धागा वाचवायचा की माणूस, असा हा पेच होता. त्यावर उत्तर एकच. ओलावा द्यायचा, पण कोंदट हवा बाहेर काढून ताजी हवा आत घेत राहायचे. हवेशीर कार्यशाळा हा जमशेटजींच्या व्यवस्थेचा भाग होता. एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. कामगार टिकला तरच गिरणी टिकते, हे व्यवहारज्ञानही होते.

नागपुरात ओलावा आणावा लागला. मुंबईत नेमका त्याच्या उलट प्रश्न होता. तेथे घाम वाळत नाही, एवढी हवा पाण्याने जड. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले, तेव्हा तेथे विजेचे दिवे, पंखे आणि उद्वाहने तर होतीच. शिवाय कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे बर्फ बनविण्याचे संयंत्रही होते. बर्फाबरोबरच खोल्या गार राखण्यास त्याची मदत व्हावी, अशी योजना होती.

याच सुमारास अमेरिकेतही हवेचा हा प्रश्न सुटत होता. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंग एकावर एक नीट बसत नव्हते. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी 'एअर कंडिशनिंग' हा शब्द वापरात आणला, तोही कापडगिरण्यांतील ओलाव्याच्या संदर्भात. आज घरोघरी गारव्याशी जोडला गेलेला हा शब्द मुळात सुतासाठी जन्माला आला.

मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराऐवजी सह्याद्रीतील पाण्याच्या विजेवर चालाव्यात, हेही जमशेटजींचे स्वप्न होते. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईला पोहोचली. ती पाहण्यास ते नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. एम्प्रेस मिलचे भोंगेही या शतकाच्या आरंभी कायमचे थांबले. मात्र आजही कापडगिरणीत शिरताच भिंतीवर ओलावा दाखविणारे यंत्र दिसते आणि धाग्याला किती, माणसाला किती, हा जुनाच हिशेब तेथे रोज मांडला जातो.