कोल्हापूरला न पोचलेल्या डॉक्टरीणबाई

आमच्या मुरगूडला दुखणं हाताबाहेर गेलं की घरात एकच शब्द निघतो, सीपीआर. माझ्या आजीला तिथं ठेवलं होतं तेव्हा मी शाळेत होतो. वेदगंगेकाठच्या आमच्या घरून एस.टी.नं डबा घेऊन जायचं आणि व्हरांड्यात बसून राहायचं, एवढंच माझं काम. या रुग्णालयाचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या बायकांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या तिथं कधी पोचल्याच नाहीत.

गंमत अशी, की त्यांच्या अमेरिकेची सुरुवातही कोल्हापूरचीच. १८६५ साली जन्मलेली कल्याणची यमुना नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोश्यांची आनंदी झाली. नवरा पोस्टात, बिजवर, वयानं कितीतरी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं ते तिथून मनात धरलं. गोपाळराव म्हणजे अजब माणूस. बायकोनं शिकावं म्हणून गाव-समाज अंगावर घेणार आणि अभ्यास चुकला तर तिच्यावर हातही उगारणार. आपल्याकडच्या विसंगतीही काही कमी नव्हत्या, हे आधी कबूल करून मग अमेरिकेकडे वळलेलं बरं.

१८७८ साली कोल्हापुरात नोकरीला असताना गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच होते, पुढं अमेरिकेत मासिक चालवत. त्यांनी ते पत्र छापलं आणि सोबत सल्लाही, की आधी ख्रिस्ती व्हा. विषय तिथंच मिटायचा. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेल्या जुन्या अंकात त्यांनी ते वाचलं आणि परक्या मुलीला थेट पत्र धाडलं. धर्माची अट नाही, कसलीच नाही. आनंदीबाई पुढं त्यांना मावशी म्हणू लागल्या.

माझी लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो असताना माझी दाढ ठणकली. तिनं मला डॉक्टरकडे नेलं, तर बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी माझी आस्थेनं चौकशी केली, घरी दुखण्यावर काय करता तेही विचारलं. नंतर काउंटरवर बिलाचा आकडा ऐकून दाढ दुखायची थांबली! माणूस इतका ओला आणि व्यवहार इतका कोरडा, हे एकाच छपराखाली कसं, याचा मी परतताना विचार करत होतो. तेव्हा कार्पेंटरबाईंची आठवण झाली.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याविना निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जाईन हिंदू म्हणून आणि परतेनही हिंदू म्हणूनच, असं त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केलं होतं. (हे बंगालमधलं श्रीरामपूर.) फिलाडेल्फियाचं बायकांचं वैद्यकीय कॉलेज १८५० पासून चाललेलं. आपल्याकडे मुलीनं पाटी धरली तरी बोभाटा व्हायचा, तिथं बाई डॉक्टर होऊ शकत होती. पण त्याच बाईला देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. आनंदीबाई परतल्या त्या ऑक्टोबर १८८६ मध्येच न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं अनावरण झालं. देवता मात्र बाईच!

प्रेमाला तोटा नव्हता. डीन रेचल बॉडली त्यांना जपत. तरी राहायला मिळालेल्या खोलीत शेकोटी धड पेटायची नाही. पेटवली तर धूर, विझवली तर गोठवणारी थंडी. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. खाणं शाकाहारीच. धर्म, नेसणं, जेवण यांतलं काय सोडायचं आणि काय धरायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. शरीराचं मात्र त्यांच्या हाती राहिलं नाही. ज्या देशानं डॉक्टर केलं, तिथल्याच हिवाळ्यांनी खोकला वाढवला. तोवर गोपाळराव १८८५ साली तिथं पोचले होते आणि अमेरिकी समाजाचे दोष काढत व्याख्यानं देत होते. बायको मात्र त्याच समाजाच्या मायेवर शिकत होती.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दरबाराची नेमणूक त्याच वर्षीची. नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या त्या क्षयानं खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सी इथल्या स्मशानभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत. परतीच्या आठवड्यात लेकीनं मला तिकडं नेलं. गवत नीट कापलेलं, आजूबाजूला सगळी परकी नावं. लेक म्हणाली, बाबा, इथं आपलं कुणी असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी तिला सीपीआरचा व्हरांडा आणि आजीचा डबा सांगत बसलो.