दारूची पंगत मोडणारे श्रीगाडगेबाबा

डिसेंबरच्या २० तारखेस श्रीगाडगेबाबांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी गावोगाव रस्ते झाडले जातात, तसबिरीला हार पडतो, संध्याकाळी कोणी चार शब्द बोलतो आणि खराटे पुन्हा वर्षभर कोपऱ्यात उभे राहतात. खराट्याचे बाबा सर्वांस ठाऊक आहेत. पण बाबा ज्या घरात जन्मले ते घर दारूने बुडालेले होते, आणि बाबांच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ त्या बुडण्यात आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. यंदा त्याच अंगाने त्यांचे चरित्र सांगावे असे आम्ही योजले. त्याला कारणही तसेच घडले.

आम्ही मुळशी खोऱ्यातले, भरे गावचे. भाताची खाचरे, श्रावणातला धो धो पाऊस आणि कार्तिकीला पायी आळंदी, एवढाच आमचा पूर्वीचा पसारा. अलीकडे पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला संगणकवाल्यांच्या इमारती उठल्या, खाचरांना कधी नव्हे तो भाव आला. पैसा आला तशी बाटलीही आली. आमच्या आळीतल्या एका गड्याने गेल्या साली कार्तिकीला माळ घातली. पंधरा वर्षांची दारू त्याने सोडली. माघापर्यंत निभावलेही. मग पुतण्याच्या हळदीला भावकीने हात धरून बसवला आणि पहाटे तो ओट्यावर पडलेला सापडला. माळ त्याने स्वतःच खुंटीला अडकवली. देवळाकडे यायचा बंद झाला. आणि आम्ही, त्याच देवळात रोज हरिपाठ म्हणणारे, तो वाटेत दिसला की नजर चुकवू लागलो. आम्हांला वाटे, त्याला लाज वाटू नये म्हणून आपण बघत नाही. खरे तर आम्हांलाच काय बोलावे ते सुचत नव्हते. ते असो. बाबांकडे वळू.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीस, परिटाच्या घरी बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण त्या काळी देवकार्य म्हटले की बकरे कापायचे आणि वर दारू, असा रिवाज होता. बारसे असो, लग्न असो, तेराव्याचे जेवण असो, पंगतीत पेला फिरायचाच. नको म्हणणारा माणूस पंगतीचा अपमान करणारा ठरे. झिंगराजी त्या पंगतीत बसले ते उठलेच नाहीत. घरदार गेले, गाव सुटले, शरीर खंगले. डेबूजी आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, त्यांनी डोळे मिटले. मरतेवेळी त्यांनी सखूबाईला, पोराला या देवाच्या नावाखालच्या दारूपासून दूर ठेव, असे विनविल्याची कथा चरित्रांतून येते.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. झिंगराजींना पाजायला सारी भावकी होती. सोडायच्या वेळी मात्र बायको आणि एक लहान पोर, एवढीच काय ती सोबत उरली होती. दारू लागते ती मंडळींत बसून आणि सोडायची मात्र एकट्याने, अंधारात, दात आवळून, हा उलटा न्याय त्या घरात डेबूजीने पाहिला. आठ वर्षांच्या पोराला ते शब्दांत सांगता आले नसते, पण पुढे त्याने जे जे केले त्यात ते दिसते.

सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामा चंद्रभानजी शेतकरी. डेबूजी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. अंगाने राकट, कामाला वाघ. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. सावकाराने मामाची जमीन कागदावर अंगठे घेऊन गिळली तेव्हा हाच पोर शेतात आडवा उभा राहिला. अडाणी माणसाला कर्ज आणि दारू ही दोन्ही एकाच दोराने बांधतात, हे बाबा पुढे कीर्तनातून परोपरीने समजावीत, त्याचे धडे त्यांनी असे बांधावर गिरविले होते. दिवसभर राबून रात्री दापुऱ्याची पोरे जमवायची आणि भजन करायचे, हा त्याचा नाद. त्यात जातपात पाहायची नाही. आम्हांला त्या भजनाचे एक विशेष वाटते. दिवसाचे काम संपले, अंग मोडून आले, हातात करायला काही नाही, ही जी दिवे लागल्यानंतरची वेळ, ती दारूची खरी वेळ. त्याच वेळेला दापुऱ्यात टाळ वाजू लागत. पिणाऱ्याला उपदेश कितीही केला तरी ती वेळ रिकामीच राहते. ती भरून काढावी लागते.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे मुलगी झाली. बारशाचा दिवस आला. जातीचा रिवाज ठरलेला होता, की मटण आणि दारू हवीच. पाहुणे त्याच आशेने जमले. डेबूजींनी पानांत वाढले ते गोडधोड. मंडळी बिथरली. बापजाद्यांची चाल मोडली म्हणून गवगवा झाला. पण पान वाढलेले होते, भूकही लागली होती. लोक जेवले. चरित्रकार या प्रसंगाला समाजसुधारणेचा आरंभ म्हणतात, ते खरेच आहे. आम्ही तो थोडा वेगळा वाचतो. डेबूजी स्वतः पीत नव्हतेच, तेव्हा आपल्यापुरता पेला नाकारून ते मोकळे झाले असते. पण त्या पंगतीत दुसरा एखादा झिंगराजी बसलेला असेल, मनातून नको म्हणणारा, पण तोंडाने म्हणू न शकणारा. त्याला एकट्याला नको म्हणावे लागू नये म्हणून त्यांनी सारी पंगतच बदलली. आमच्या आळीत त्या हळदीच्या रात्री असे करणारा कोणी नव्हता. आम्ही स्वतः दहा वाजता जेवून घरी आलो होतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. आई, बायको आणि मुले मागे राहिली. खरे सांगावयाचे तर ही गोष्ट आम्हांस नेहमीच टोचते. घरातला कर्ता पुरुष दारूने गेला काय किंवा वैराग्याने गेला काय, चुलीपुढे बसलेल्या बाईला लाकडे तितकीच ओली. संतांच्या चरित्रात अशा बायांना दोन ओळी मिळतात. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले असेल याचा विचार वाचकांनी, विशेषतः माउलींनी, जरूर करावा.

पुढची बारा वर्षे भ्रमंतीची. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी, डोक्याला किंवा काखेला मातीचे फुटके गाडगे. त्यावरून नाव पडले गाडगेबाबा. गावात शिरायचे, कोणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचे. बघता बघता दोन पोरे झाडायला लागत, मग चार बाप्ये. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. बाबांचे कीर्तन म्हणजे पोथी नव्हती, गप्पाच होत्या, वऱ्हाडी बोलीतल्या. बाबा प्रश्न टाकायचे आणि समोरच्या हजारोंनी उत्तर द्यायचे. दारूने घर कोणाचे बुडते, लेकरू कोणाचे उपाशी राहते, पैसा कोणाकडे जातो, हे बाबा सांगत नसत, विचारीत. श्रोत्यांत रोज पिणारेही असत. त्यांच्याच तोंडून, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, उत्तर बाहेर पडे. घरी बायकोपुढे कबूल करायला जे जड जाते ते हजारांच्या आवाजात मिसळून सहज निघून जाई. मध्येच बाबा गोपाळाच्या नामाचा गजर करीत आणि सगळे एका तालात डोलत. शरम वाटली, पण एकट्याला नाही. आमच्या मते बाबांच्या कीर्तनाची खरी करामत तेथे होती.

दुसरी करामत कामाची. पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरे. चिखलात लोक घसरत. १९०८ च्या सुमारास बाबांनी तेथे घाट बांधायला घेतला. पंढरपुरी १९१७ साली चोखामेळा धर्मशाळेचे काम धरले. ज्यांना पंढरीत कोणी ओसरीही देत नव्हते त्यांना छप्पर मिळाले. मग नाशिक, आळंदी, देहू, ठिकठिकाणी धर्मशाळा, अन्नछत्रे, गोरक्षणे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे. या सर्व कामांवर दगड वाहायला, माती उपसायला नाना तऱ्हेची माणसे येत. बाबा कोणाला शिष्य करीत नसत, कोणाच्या गळ्यात माळ घालीत नसत, पायाला हात लावू देत नसत. पाया पडायला वाकलेल्याच्या पाठीत काठीही बसे. माणसाला त्यांनी हातात द्यायचे ते घमेले किंवा खराटा. घमेले काही खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. काल चुकला असेल तरी आज उचलायचे असतेच.

मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर बाबांना फार मानीत. त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. कायद्याने दुकाने बंद झाली, हातभट्ट्या मात्र ओढ्याओढ्याला पेटल्या, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. पुढे कायदाही सैल झाला. बाबा कायद्याच्या आधीही तेच सांगत होते आणि नंतरही. कायदा दुकान बंद करील, पण संध्याकाळी दार ठोठावून चल म्हणणारा माणूस तो कोठून आणणार?

योगायोग असा, की बाबा ज्या काळात गावोगाव हिंडत होते त्याच काळात, १९३५ साली, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी दोन पिणारे भेटले. एक बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला गृहस्थ आणि दुसरा बॉब स्मिथ नावाचा शस्त्रवैद्य. विल्सनने नुकतीच सोडली होती. धंद्यात अपयश आले, परगावी हॉटेलात एकटा, शेजारी दारूचा बार. त्याने ओळखले, की आता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर मी पिणार. त्याने टेलिफोन करून करून डॉक्टरला गाठले. त्याला सुधारायला नव्हे, आपण वाचायला. डॉक्टर मध्ये एकदा पुन्हा प्याला, पण त्यानंतर दोघेही मरेपर्यंत प्याले नाहीत. त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. नावगाव न विचारता एकत्र बसायचे, आपली कथा सांगायची आणि फक्त आजचा दिवस काढायचा, ही त्यांची रीत. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण काढले, तेथेही सोडलेला माणूस सोडू पाहणाऱ्याचा हात धरतो. जाता जाता एक सूचना करतो, कारण भाविकपणाच्या भरात ती राहून जाते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर हात कापतात, भास होतात, कधी फिट येते, जिवावरही बेतते. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. अंगारा लावून घरात कोंडून ठेवू नये.

१९५२ साली बाबांच्या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. शरीर थकले तरी पाय थांबले नाहीत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्र्याला पोलिसांपुढे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले; दोघांचा एकमेकांवर मोठा लोभ. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच बाबांची प्राणज्योत मालवली. घर सोडून एकावन्न वर्षे झाली होती. अमरावतीत ज्या जागी त्यांची समाधी आहे त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.

हे टिपण लिहिण्यासाठी बाबांचे चरित्र पुन्हा काढून बसलो आणि बारशाच्या प्रसंगापाशी आमची लेखणी अडली. शेवटी उठलो, आणि त्या गड्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. दारूचा विषय आम्ही काढला नाही, त्यानेही नाही. भाताच्या मळणीविषयी बोललो. यंदा इंद्रायणी कशी उतरली, उंदरांनी किती खाल्ली, असे काहीबाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याच्या घरच्यांनी चहा ठेवला. चौथ्या की पाचव्या दिवशी तो आपण होऊन बोलला, की संध्याकाळी सात ते नऊ फार कठीण जाते. आता त्या वेळेला आळीतले आम्ही दोघेतिघे आळीपाळीने त्याच्याकडे जातो. त्यांतल्या एकाने स्वतः सहा वर्षांपूर्वी सोडलेली आहे. त्याचे बोलणे तो जितके ऐकतो तितके आमचे ऐकत नाही, हे कबूल केले पाहिजे. माळ अजून खुंटीलाच आहे. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. गेल्या दशमीला हरिपाठाच्या वेळी तो देवळाच्या पायरीपर्यंत आला, आत आला नाही. आम्ही टाळ पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मग मंडपात सतरंज्या अंथरायच्या होत्या, त्याचे एक टोक त्याने धरले.