गांधीजींची बॅरिस्टरी काढून घेतली होती, का?

महात्मा गांधी बॅरिस्टर होते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण त्यांचं नाव वकिलांच्या यादीतून काढून टाकलं होतं, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

पोरबंदरला १८६९ साली जन्मलेले गांधीजी शिकायला लंडनला गेले. तिथल्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेतून १८९१ साली बॅरिस्टर झाले. मुंबईत पहिला खटला ३० रुपये फीचा मिळाला. कोर्टात दलालाला कमिशन द्यायची पद्धत होती, गांधीजींनी ते दिलं नाही. उलटतपासणीला उभे राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी फी परत करून ते खाली बसले.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तिथं वकिलीत जम बसला. जोहान्सबर्गला एक खटला चालू असताना पक्षकारानं आपल्याला फसवलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सरळ मॅजिस्ट्रेटला खटला काढून टाकायला सांगितलं. रुस्तमजी नावाचे पारशी व्यापारी त्यांचे जवळचे स्नेही. त्यांनी जकात चुकवून माल आणला आणि ते पकडले गेले. गांधीजींनी त्यांना गुन्हा कबूल करायला लावला. चुकवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड भरून प्रकरण मिटलं.

असा माणूस शिस्तीच्या कारवाईत कसा सापडला? भारतात आल्यावर त्यांनी सरकारविरुद्ध लेख लिहिले. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. गांधीजींनी गुन्हा कबूल केला, ६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा जेलमध्ये आणलं. शिक्षा झालेला माणूस बॅरिस्टर राहू शकत नाही, असं म्हणून इनर टेंपलनं १० नोव्हेंबर १९२२ ला त्यांचं नाव काढलं. एकाही पक्षकाराला त्यांनी फसवलं नव्हतं. पण कागदावर शिक्षा होती, तेवढंच बघितलं गेलं.

१९४८ साली गांधीजी गेले. त्यानंतर ४० वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच संस्थेनं त्यांचं नाव परत यादीत घेतलं.

वकिलाची सनद काढायचा अधिकार आज आपल्याकडं बार कौन्सिलला आहे. वकिलानं पक्षकाराचे पैसे खाल्ले, समोरच्या पार्टीशी संगनमत केलं, तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं तक्रार करता येते. शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकते. दोष सिद्ध झाला तर ताकीद मिळते, काही काळ सनद बंद होते किंवा नाव कायमचं कमी होतं. हा कायदा आहे तो पक्षकाराला फसवणाऱ्यासाठी. गांधीजींनी तर पक्षकारालाही खोटं बोलू दिलं नव्हतं.