श्रीमध्वाचार्य

उडुपीजवळ पाजक नावाचे खेडे आहे. तेथे मध्यगेह भट्टांच्या घरी इ. स. १२३८ च्या सुमारास वासुदेवाचा जन्म झाला. आधीचे दोन पुत्र दगावलेले. तेव्हा या मुलाने संन्यासाची गोष्ट काढताच पित्याने त्याच्यापुढे लोटांगण घालावे, यात नवल ते काय! मातापित्यांना दुसरा पुत्र होईपर्यंत वासुदेव थांबला. आचार्यांच्या वादविजयांपेक्षा हे थांबणेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते. (तो धाकटा बंधूही पुढे विष्णुतीर्थ या नावाने संन्यासी झाला, हा भाग निराळा.)

दीक्षागुरू अच्युतप्रेक्ष हे अद्वैताचा ‘इष्टसिद्धि’ ग्रंथ शिकवू लागले, तो शिष्याने पहिल्याच श्लोकात दोष काढले. जीव व ईश्वर भिन्न, जगत् सत्य, हे मत आचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मांडले. अखेर गुरूंनीही ते स्वीकारले. आचार्यांनी उडुपीस श्रीकृष्णाची स्थापना करून पूजेचा भार आठ शिष्यांवर सोपविला. दोन महिन्यांची पाळी पुढे वादिराजतीर्थांनी दोन वर्षांची केली, ती आजही चालते. त्या आठांपैकी पलिमार मठाच्या परंपरेतूनच गोमंतकातील पर्तगाळी मठ निघाला.