थकबाकी फेडणारा दिवाण

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून राजा सर टी. माधवरावांचे नाव निघते, ते सयाजीराव महाराजांच्या अज्ञान कारकीर्दीतील दिवाण म्हणून. मला मात्र त्यांची खरी थोरवी त्याआधीच्या एका कामात दिसते. सरकारी देण्याखाली बुडू पाहणारे त्रावणकोर संस्थान त्यांनी वाचवले.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरकडे स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यात झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण. मद्रासेत शिक्षण झाल्यावर माधवरावांनी काही काळ तेथील हिशेबाच्या कचेरीत नोकरी केली आणि १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले.

१८०५ च्या तहान्वये या संस्थानाला कंपनी सरकारकडे दरसाल आठ लाख रुपये भरावे लागत. १८५० नंतर तिजोरी रिकामी पडली, हप्ते तुंबले, नोकरांचे पगार महिनोन् महिने थकले. काळ डलहौसीचा होता. सातारा १८४८ साली गेले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि त्याबरोबर आज बालाघाट जिल्ह्यात मोडणारा लांजीचा टापूही गेला. तेथे निमित्त औरस वारस नसल्याचे होते. त्रावणकोरला १८५५ साली मिळालेली तंबी अव्यवस्थेबद्दल होती. कारभार सुधारा, नाहीतर राज्य जाईल, असा तिचा अर्थ. पुढच्याच वर्षी याच सबबीवर अयोध्येचे राज्य गेले. तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती.

१८५८ साली दिवाणगिरी हाती आली तेव्हा माधवराव अवघे तीस वर्षांचे होते. दुसऱ्या एखाद्याने रयतेला पिळून पैसा उभा केला असता. माधवरावांनी उलट वाट धरली. मिऱ्याचा सरकारी मक्ता त्यांनी १८६० साली मोडला, तंबाखूचा १८६३ साली. उत्पन्न थोडे आणि जाच फार, असे किरकोळ कर काढून टाकले. नोकरांना पगार वेळेवर मिळू लागला. व्यापार मोकळा झाला तशी जकात वाढली आणि १८६३ पर्यंत संस्थान कर्जमुक्त झाले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर कायमचा हक्कही मिळाला.

१८७२ साली त्यांनी त्रावणकोर सोडले. पुढे इंदूरची दिवाणगिरी झाली आणि १८७५ साली, मल्हारराव पदच्युत झाल्यावर, ते बडोद्यास आले. वसुलाचे इजारे देण्याची घातक पद्धत त्यांनी येथे मोडून काढली. धोरण तेच होते. १८८२ साली ते निवृत्त झाले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

देणेकऱ्याच्या हाती चार पैसे खेळते राहिले, तरच देणे फिटते. ही साधी गोष्ट राज्याच्या हिशेबात उतरवण्याचे धैर्य माधवरावांपाशी होते, म्हणूनच ते मला मोठे वाटतात.