वृद्धांची कैवारी : बार्बरा रॉब



वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात ठेवलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा छळ होत आहे, हे कशावरून ओळखावे? हा प्रश्न ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे मारहाणीचे वळ, उपासमार, शिवीगाळ अशी चित्रे उभी राहतात. ती खोटी नाहीत. परंतु छळाची सुरुवात पुष्कळदा इतकी शांतपणे होते की भेटीस येणाऱ्याच्या ती ध्यानातही येत नाही. ती ध्यानात घेणारी आणि घेतल्यावर गप्प न बसणारी एक स्त्री इंग्लंडमध्ये होऊन गेली. तिचे नाव बार्बरा रॉब. साठ वर्षांपूर्वी त्या देशात तिचे नाव घरोघरी पोहोचले होते. आपल्याकडे ते फारसे कुणाच्या कानावर नाही. म्हणून तिची जीवनकथा आज आपणापुढे ठेवीत आहे.

बार्बराबाईंचा जन्म १५ एप्रिल १९१२ रोजी यॉर्कशायर परगण्यातील एका जुन्या, जमीनदार रोमन कॅथोलिक घराण्यात झाला. धर्मसुधारणेनंतरच्या कठीण काळातही ज्या इंग्रज कुटुंबांनी आपला पंथ सोडला नाही, त्यांपैकी हे एक. अधिकाऱ्यांच्या मर्जीवाचून आपल्या विवेकाप्रमाणे वागण्याची परंपरा त्यांच्या घरातच होती, असे म्हणावयास हरकत नाही. तरुणपणी त्यांनी बॅले नृत्याचे शिक्षण घेतले. परंतु पायाच्या घोट्याला दुखापत झाली आणि तो मार्ग बंद झाला. पुढे चित्रकार ब्रायन रॉब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लंडनमधील हॅम्पस्टेड भागात त्यांचे घर होते. बार्बराबाई मानसोपचाराकडे वळल्या. दुसऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकणे आणि न बोललेलेही ओळखणे हा त्यांचा व्यवसायच झाला. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्या आयुष्यात जगाने दखल घ्यावी असे काही घडले नव्हते.

ते घडले जानेवारी १९६५ मध्ये. त्यांच्या परिचयाची एक वृद्ध स्त्री उत्तर लंडनमधील फ्रायर्न या मनोरुग्णालयात दाखल होती. तिला भेटण्यासाठी त्या गेल्या. हे रुग्णालय १८५१ साली सुरू झालेले, जुन्या काळी कोल्नी हॅच या नावाने ओळखले जाणारे. त्याच्या लांबच लांब मार्गिकेची सर्वत्र ख्याती होती. सुमारे दोन हजार रुग्ण तेथे राहत. त्यांत पुष्कळ वृद्ध होते आणि त्यांपैकी कित्येकांना तेथे राहण्याची गरजही नव्हती. घरी सांभाळणारे कोणी नाही, दुसरीकडे जागा नाही, एवढ्याच कारणाने ते तेथे आलेले आणि तेथेच राहिलेले होते.

बार्बराबाईंनी त्या वॉर्डात काय पाहिले? मार पडताना पाहिला नाही. रक्त पाहिले नाही. त्यांना दिसले ते असे की, जवळजवळ सर्व स्त्रियांचे केस एकाच पद्धतीने आखूड कापलेले होते. अंगावर रुग्णालयाचे बेढब कपडे होते. चष्मे, कवळ्या आणि श्रवणयंत्रे त्यांच्याकडून काढून घेतलेली होती. हातात काही काम नाही, वाचावयास काही नाही, स्वतःची म्हणावी अशी एकही वस्तू जवळ नाही. त्या स्त्रिया दिवसभर नुसत्या बसून असत.

वाचक, क्षणभर थांबून याचा विचार करा. चष्मा काढून घेतला की माणसाला समोरचा चेहरा ओळखता येत नाही. श्रवणयंत्र काढून घेतले की हाक ऐकू येत नाही. कवळी काढून घेतली की नीट खाता येत नाही, आणि बोललेले दुसऱ्याला समजत नाही. अशा माणसाला पाहून नवखा पाहुणा काय म्हणेल? बिचारीला आता काही कळत नाही. जे संस्थेने केले, त्याचा दोष म्हातारपणावर जातो. आणि एकदा त्या माणसाला काही कळत नाही असे ठरले, की त्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवण्याचे कारणच उरत नाही. छळ लपविण्याची याहून सोपी रीत कोणती?

हे सर्व दुष्टपणानेच घडत होते, असे बार्बराबाईंनी म्हटले नाही. परिचारिका थोड्या, रुग्ण अनेक, खाटाला खाट लागलेली. इतक्या जणींचे चष्मे सांभाळण्यापेक्षा कोणालाच न देणे सोयीचे. सोयीची सवय होते, सवयीचा नियम होतो, आणि नियमापुढे माणूस दिसेनासा होतो. डॉ. रसेल बार्टन या इंग्रज मनोरोगतज्ज्ञांनी १९५९ साली एका लहानशा ग्रंथात हेच शास्त्रीय रीतीने मांडले होते. बाहेरच्या जगाशी तुटलेला संबंध, सक्तीचा रिकामपणा, कर्मचाऱ्यांची हुकमत, जिवलग माणसे व स्वतःच्या वस्तू यांचा वियोग आणि गुंगी आणणारी औषधे यांमुळे चांगला माणूसही निरिच्छ व मुका होतो, आणि हा आजार संस्थेतूनच उद्भवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बार्बराबाईंच्या लढ्यात हेच बार्टन पुढे त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

घरी परतल्यावर बार्बराबाईंनी रोजनिशी लिहावयास घेतली. कोणत्या दिवशी भेट झाली, काय दिसले, कोण काय बोलले, हे सर्व त्या त्याच वेळी टिपून ठेवीत. आपणही कदाचित असे दृश्य पाहून हळहळलो असतो, दोन फळे ठेवून निघून आलो असतो, आणि आठवड्याने विसरलो असतो. बार्बराबाई पुनःपुन्हा जात राहिल्या. इतरांनाही त्यांनी सोबत नेले. उमरावसभेचे सदस्य लॉर्ड स्ट्राबोल्गी यांनी फ्रायर्नमधील स्थिती पाहिली आणि जुलै १९६५ मध्ये सभागृहात हा विषय मांडला. १० नोव्हेंबर १९६५ रोजी ‘द टाइम्स’ या दैनिकात काही मान्यवरांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. वृद्ध रुग्णांच्या चष्म्यांसारख्या वस्तू काढून घेतल्या जातात याकडे लक्ष वेधून, वाचकांनी आपले अनुभव कळवावेत, असे आवाहन त्यात होते.

मग पत्रांचा पूर आला. मुलांनी आपल्या आईविषयी लिहिले. परिचारिका व समाजसेवक यांनी आपण काम करीत असलेल्या वॉर्डांविषयी लिहिले. फ्रायर्न हे एकटे नव्हते, हे उघड झाले. बार्बराबाईंनी एक छोटी संघटना उभारली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘ईजिस’ हा शब्द तयार होत असे. ग्रीक कथांत देवांच्या संरक्षक ढालीला हेच नाव आहे. सरकारी संस्थांतील वृद्धांची ढाल होणे, हेच त्या संघटनेचे ध्येय होते.

३० जून १९६७ रोजी त्यांनी संपादित केलेले ‘सान्स एव्हरीथिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हे शब्द शेक्सपिअरच्या एका नाटकातील, म्हातारपणाच्या शेवटच्या अवस्थेचे वर्णन करणारे आहेत. सर्व काही गमावलेला, असा त्यांचा आशय. पुस्तकात परिचारिकांच्या व समाजसेवकांच्या साक्षी होत्या, आणि बार्बराबाईंची रोजनिशीही होती. रुग्णांना दरडावणे, ढकलणे, मारणे, त्यांची विटंबना करणे अशा घटना त्यांत नोंदविल्या होत्या. तक्रार करणाऱ्या परिचारिकेलाच कसे एकटे पाडले जाते, हेही त्यात होते. परंतु केवळ दोष दाखवून पुस्तक थांबले नाही. वृद्धांची देखभाल चांगल्या रीतीने कशी करता येते, हे प्रत्यक्ष करून दाखविणाऱ्या डॉक्टरांचे लेखनही त्यात समाविष्ट होते.

सर्व देश हादरला. सरकारने चौकशी समित्या नेमल्या. परंतु ज्या प्रादेशिक मंडळांच्या ताब्यात ही रुग्णालये होती, त्याच मंडळांनी त्या नेमल्या, आणि चौकशी बंद दाराआड झाली. जुलै १९६८ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. बहुतेक आरोप सिद्ध झाले नाहीत, असा निर्वाळा तिने दिला. साक्षीदार अविश्वसनीय ठरले. त्या वेळचे आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन हे काही निष्ठुर गृहस्थ नव्हते. मानसिक रुग्णांच्या हितासाठी त्यांनी पूर्वी कितीतरी झटून काम केले होते. तरीही आपल्या खात्यावर आलेला आरोप त्यांना खरा वाटला नाही. संस्थेवर प्रेम करणारी भली माणसेच कधी कधी संस्थेचे डोळे झाकतात. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांनी व विश्वस्तांनीही मनात जपून ठेवण्याजोगी आहे.

बार्बराबाईंची मानहानी झाली. पण त्या खचल्या नाहीत. चौकशीच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी दाद मागितली. तेवढ्यात वेल्समधील कार्डिफ येथील ईली रुग्णालयाचे प्रकरण पुढे आले. तेथील मतिमंद रुग्णांच्या छळाविषयी एका कर्मचाऱ्याने १९६७ मध्ये वृत्तपत्राकडे तक्रार केली होती. जेफ्री हाउ या वकिलांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तिची कसून चौकशी केली, आणि मार्च १९६९ मध्ये त्या खात्याचे नवे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तिचा अहवाल प्रसिद्ध केला. आरोप मुख्यतः खरे ठरले. बार्बराबाई सांगत होत्या तशा गोष्टी सरकारी रुग्णालयांत खरोखर घडू शकतात, हे आता कोणालाच नाकारता येईना. क्रॉसमन यांनी रुग्णालयांची पाहणी करणारी स्वतंत्र सल्लागार यंत्रणा उभारली. १९७३ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्याची तरतूद झाली. या दोन्ही सुधारणांसाठी बार्बराबाई झटल्या होत्या. त्यांच्यामागे मोठा पक्ष नव्हता, पैसा नव्हता. मूठभर मित्र, टपालाचे गठ्ठे आणि तारीखवार नोंदी एवढेच भांडवल होते.

२१ जून १९७६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्या निवर्तल्या. पुढे त्यांचे नाव मागे पडले. त्यांच्या संघटनेची कागदपत्रे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संग्रहात जतन झाली, आणि २०१७ साली डॉ. क्लेअर हिल्टन या इतिहासकार-मनोरोगतज्ज्ञ विदुषीने त्यांच्या लढ्याचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला. फ्रायर्न रुग्णालय १९९३ मध्येच बंद झाले होते. त्या वास्तूत आज निवासी सदनिका आहेत.

बायबलच्या भाषांतराचे काम करताना मातापित्यांना मान देण्याच्या आज्ञेपाशी मी नेहमी थोडा थांबतो. तेथील इब्री क्रियापद ज्या धातूपासून आले आहे, त्याचा मूळ अर्थ वजन, भार असा आहे. मान देणे म्हणजे त्या व्यक्तीला वजनदार मानणे, तिचा शब्द हलका न समजणे. आणि प्रभू येशूने कुर्बानाच्या रूढीवर जो कठोर ठपका ठेवला, तोही याच संदर्भात. देवाला वाहिले असे म्हणून आईबापांच्या पालनपोषणातून अंग काढून घेणाऱ्यांना त्याने सोडले नाही. आजही एखाद्या धार्मिक संस्थेचे चांगले नाव पाहून आपण निर्धास्त होतो, आणि आपली जबाबदारी संपली असे समजतो. नावावर विसंबून राहू नये.

तेव्हा वाचक, नाताळात गायनमंडळासह वृद्धाश्रमात जाल, तेव्हा अवश्य गा. पण एखाद्या साध्या मंगळवारीही, न कळविता जा. आजोबांचा चष्मा त्यांच्या जवळ आहे काय, काचा पुसलेल्या आहेत काय, पाण्याचा पेला हाताला येतो काय, ते पाहा. आजी नेहमी गुंगीत असतात काय? वजन झपाट्याने उतरले आहे काय? पाठीवर, टाचांवर जखमा आहेत काय? कर्मचारी जवळ येताच त्या बोलता बोलता थांबतात काय? त्यांच्याशी एकांतात बसून बोला, आणि त्या सांगतील ते भ्रम म्हणून उडवून लावू नका. प्रत्येक खूण म्हणजे छळच असे नाही; पण प्रत्येक खुणेविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे.

शंका आली तर तारीख, वेळ आणि जे दिसले ते लिहून ठेवा. प्रथम व्यवस्थापकांशी सौम्यपणे बोला. मग कार्यकारी मंडळाला लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा. आरोप ज्यांच्यावर आहे, त्यांच्याच हाती चौकशी सोपवू देऊ नका. जिवाला धोका दिसला तर पोलिसांकडे जाण्यास संकोच करू नका. आपल्या देशात ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकावर ‘एल्डरलाइन’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. आणि तक्रार केल्यानंतर भेटी कमी करू नका, वाढवा. कारण तक्रारीचा राग त्या वृद्धावर निघण्याची भीती त्याच दिवसांत अधिक असते. जी परिचारिका प्रेमाने सेवा करते, तिचे नाव घेऊन आभार माना. बार्बराबाईंच्या सर्वांत धीट साक्षीदारांत अशाच परिचारिका होत्या.

आपल्या ओळखीचे कोणी ना कोणी आज अशा एखाद्या खाटेवर बसलेले आहे. या आठवड्यात त्यांची भेट घ्या. खुर्ची जवळ ओढून बसा, आणि सर्वांत आधी त्यांचा चष्मा कोठे आहे, ते विचारा.